अम्मा उभी राहिली

२ मार्च, शहाड
आज बाळकुमच्या क्लिनिकमध्ये नव्या पोरींना पुन्हा सोमा अम्माची केस सांगितली. श्रीलंकेतलं समुद्राकाठचं गाव, आठ महिने मी स्वयंसेवक फिजिओ म्हणून राहिले ते. अम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अर्धांगवायू, डावी बाजू गेलेली. मी तिच्याच घरी राहायचे. सहा महिने तिला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची, आणि गेल्या १४ एप्रिलला एकदम आधाराशिवाय उभी! पोरी वा वा करतात. मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू.

५ मार्च
निमलचा मेसेज. अम्माचा भाचा, पन्नाशीचा, रिक्षावाला, तिथे आम्हा दोघींचा दुभाषी. अम्माचं हृदय फार कमजोर झालंय. डॉक्टरांनी उठायला सक्त मनाई केलीय, उठली की श्वास लागतो, एकदा पडलीसुद्धा. मी लगेच लिहिलं, तिकीट काढते, एप्रिलमध्ये येते.


६ मार्च
निमलचा फोन. आढेवेढे घेत होता. म्हणाला, पाहुणे आले की अम्मा उठते, कितीही सांगा ऐकत नाही, म्हणून आम्ही पाहुण्यांना दारातूनच परत पाठवतो.
"मी कुठे पाहुणी आहे?"
तो म्हणाला, "मिस, तुमच्यासाठी तर ती रोज उठायची."
मी म्हटलं, तो व्यायाम होता. तर म्हणतो, नाही मिस.
पुढचं त्याने सांगितलं ते आज लिहिणं नको.

९ मार्च
लिहून टाकते.
१४ एप्रिल म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. सकाळी दूधभात, मग घरातल्या लहानांनी मोठ्यांना विड्याची पानं द्यायची आणि गुडघे टेकून त्यांच्या पायांशी डोकं ठेवायचं. मोठे डोक्यावर हात ठेवतात. अम्मा पांढरी साडी नेसून खुर्चीत बसलेली. निमल, त्याची बायको, मुली, सगळे वाकले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याही हातात पानं होती, अम्मानेच निवडून ठेवलेली.
आमच्या घरी पाया पडणं नाही. बुद्धमूर्तीपुढे वाकायचं, माणसापुढे नाही. हा बाबांचा कायदा. आणि त्यात तो दिवस १४ एप्रिल! बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी तर मुळीच नाही. मी ताठ उभी राहून पानं दिली, हात जोडले आणि "जय भीम" म्हटलं. मनातून अभिमानच वाटला.
अम्मा दोन क्षण बघत राहिली. मग उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि उठली. एकटी. डावा हात जेमतेम उचलून तिनेही हात जोडले.
मी आनंदाने ओरडले. वहीत तारीख टाकून लिहिलं, 'आधाराशिवाय उभी'.
निमल म्हणतो, त्यांच्यात घरच्या मुलीसाठी मोठी माणसं उठत नाहीत, पाहुण्यांसाठी उठतात. तुम्ही वाकला नाहीत, तेव्हा अम्मा समजली की ही आपली नाही.
त्या दिवसापर्यंत ती मला 'दुवे' म्हणायची. म्हणजे लेकी. नंतर 'मिस'. माझ्या ते लक्षातही आलं नाही. पुढचे दोन महिने मी सकाळी बाहेर आले की ती उभी राहायची आणि मी टाळ्या वाजवायचे.
टाळ्या!

१० मार्च
क्लिनिकमध्ये लक्ष नाही. एका आजोबांचा घोटा फिरवत होते, त्यांचा पाय माझ्या मांडीवर. अम्माचा पाय असाच रोज तासभर घेऊन जमिनीवर बसायचे. टाचेला भेगा, मी तेल लावायचे. रोज तिच्या पायांशी बसलेली मी त्या एका सकाळी ताठ उभी राहिले. पगाराशिवायचं का असेना, काम होतं म्हणून पायांशी बसणं चाललं बहुतेक.

१५ मार्च, रविवार
आई-बाबांना सांगितलं. आई म्हणाली, "अगं, मग फोनवर सॉरी म्हण की." बाबा चहा तसाच ठेवून गॅलरीत गेले. रागावले असतील असं वाटलं.
मला राग कुणाचा आलाय? बाबांचा थोडा. माझा जास्त. आणि तरी अजूनही वाटतं, मी चुकीचं काय केलं? खाली मान घालायची नाही हे आयुष्यभर ऐकलं. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत बाबांनी तीस वर्षं काढली, साहेबापुढे कधी वाकले नाहीत, त्यासाठी दोनदा बढती गेली. ते चूक होतं असं मी कसं म्हणू?

१७ मार्च
बाबा स्वतःहून आले. उभ्यानेच बोलले.
"आमच्या आज्याला गावात लोकं जबरदस्तीने वाकवायचे. म्हणून मी घरात बंदच केलं ते सगळं."
मी म्हटलं, माहितेय बाबा.
"माझ्या आईच्यापण पाया पडलो नाही कधी. तिच्या पायाला हात लावला तो शेवटची आंघोळ घालताना. गार पडलेले पाय."
मग म्हणाले, "त्या बाईने तुला वाकायला लावलेलं का?"
"नाही. वाट बघत होती."
बाबा मान हलवत आत गेले.

२८ मार्च
तिकीट काढलं. १२ ला सकाळी निघायचं. निमल नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, या, पण तिला आधी सांगणार नाही, सांगितलं तर दिवसभर उठायची तयारी करत बसेल.
बाबांना म्हटलं, यंदा जयंतीला मी कल्याणला नसेन. मिरवणूक चुकणार. "बरं," एवढंच.

८ एप्रिल
संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून समोर बसले. "दाखव, तिकडं कसं करतात ते."
मला हसू आलं. पानवाल्याकडून पानंही आणलेली त्यांनी. देठ कुणाकडे आणि टोक कुणाकडे हे मी विसरलेय, निमलला विचारायला हवं. पानं दिली, गुडघे टेकले, डोकं खाली नेलं. बाबांच्या पायांना मी जन्मात हात लावलेला नाही. अंगठ्याचं नख काळं पडलंय, कधीपासून ते ठाऊक नाही.
माझा हात लागला आणि बाबा ताडकन उभे राहिले. "ऊठ, ऊठ, बास झालं."
दोघंही उभे. पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. मग ते हळूच परत बसले. म्हणाले, "पुन्हा कर. आता नाही उठत."
मी पुन्हा वाकले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी रडले. आई आतून विचारत होती, काय चाललंय तुमचं?

११ एप्रिल
निमलचा फोन. अम्मा काल दिवसभर झोपून होती. जेवली नाही. शेजारीण आली तर पलंगावरून पाय खाली सोडलेच.
बॅग भरली. पांढरा ड्रेस घेतला. केसची वही काढून ठेवली, परत बॅगेत टाकली, परत काढली.

१२ एप्रिल, विमानतळ
बाबा सोडायला आले. गेटवर हात जोडून "जय भीम" म्हणाले, मीही. वाकले नाही. ते आमचं तसंच राहू दे.
संध्याकाळपर्यंत पोचेन, दोन रात्री शेजारणीकडे राहायचं, अम्माला दिसायचं नाही. निमलचं म्हणणं, परवा मुहूर्ताला आत जा, सगळ्यांच्या मागून, घरच्यासारखी. मी म्हटलं, दारातूनच गुडघ्यावर जाईन, म्हणजे तिला उठायला वेळच मिळणार नाही. तो हसला नाही.
तिला मी ओळखू येईन का, माहीत नाही. दहा वर्षं माणसांना उभं करतेय. अम्मा मला बघून बसून राहू दे.