कासवासमोरचं गाऱ्हाणं

बोरिवली पूर्व,
रविवार (जेवणाअगोदर)

तीर्थरूप हरेश्वरदादास,

धाकट्या नंदूचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि देवळाचं छप्पर, दोन्ही पावसाळ्याआधी धड होवोत. इथे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुझी धाकटी भावजय जानकी खुशाल आहे.

गेल्या महिन्यात आमच्या कोकणवासी मंडळाला प्राणिसंग्रहालयाने 'निसर्ग जपत जगूया' या कार्यक्रमाला बोलावलं. (फुकट होतं, चहासकट. त्यामुळे उपस्थिती भरघोस.) नेत्रा नावाची तिथली चुणचुणीत शिक्षिका प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबून पाणी, वीज, प्लास्टिक यांवरून आमची कानउघाडणी करत होती. अंडी घालायच्या आतच मासे पकडले तर समुद्र रिकामा होईल, हेही तिने सांगितलं. शेवटी कासवासमोर सगळ्यांनी प्रतिज्ञा घ्यायची होती. मंडळाच्या पूजेत सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं मीच घालतो, म्हणून प्रतिज्ञेचा कागद माझ्या हाती आला.

मी सरळ वाचायला लागलो, तर मंडळी मोबाइल बघायला लागली. मग कागद खिशात घातला, हात जोडले आणि सुरू केलं, "बा कासवा म्हाराजा!" मागून "व्हय म्हाराजा!" असा काही आवाज उठला की शेजारचा मोर गप्प झाला. प्लास्टिक झालं, वीज झाली, एका बादलीत आंघोळ झाली. नेत्रा व्हिडिओ काढत होती, गर्दी जमली होती, आणि गाऱ्हाणं रंगात आलं की मला आवरत नाही (तुला ठाऊक आहे). "अंड्यावरचो मासो खावचव नाय, गाबोळी तोंडात घालूचव नाय!" हे कागदावर नव्हतं, माझ्याच तोंडून निघालं. सर्वांत मोठा "व्हय म्हाराजा" जानकीचा होता. त्याच वेळी कासवाने मान बाहेर काढली.

तेव्हापासून घरात गाबोळी बंद आहे, माशाची अंडी म्हणजे माझा जीव की प्राण असूनही. (वहिनी तिरफळं घालून करते ती तुला लखलाभ.) जानकी म्हणते, देवळातल्या दगडी कासवाला आपण वाकतो, हे तर जिवंत होतं. मंडळातले बाकीचे मात्र, शब्द गाऱ्हाणं घालणाऱ्याचा, आम्ही नुसती साथ दिली, असं सांगून बिनदिक्कत खातात. आमची मासेवाली मंजुळा दर रविवारी माझ्यासाठी राखलेली गाबोळी दाखवते आणि मी बांगड्याचा भाव विचारतो. निसर्गाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, दादा. वाईट वाटतं, एवढंच.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझा
नंदू

ता.क. : ग्रामदेवाला एक कौल लाव. प्राणिसंग्रहालयातल्या कासवाला दिलेला शब्द पाळायचा की सोडायचा? देव 'सोड' म्हणाला, तर मला नको, थेट जानकीला फोन कर.

ता.क. २ : पाकीट बंद करण्याआधी व्हिडिओ पुन्हा पाहिला. सुरुवातीलाच मी "माझ्या सगळ्या भावकीच्या वतीन" असं म्हणालोय. जानकीने तो कालच वहिनीला पाठवला आहे. तेव्हा कौल लावताना तुझंही नाव घे.