अण्णाचा चेहरा आणि दोन जुने प्रोसेसर

॥ श्री ॥

तंजावूर, सोमवार, १९ जानेवारी २०२६

ती. अण्णास,
वेणीचा शि. सा. न. वि. वि.

पोंगल पार पडला. यंदा ऊस आणला नाही. आईला चावत नाही आणि मला एकटीला सोलून खायचा कंटाळा. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं.

कालच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू तिकडून पाहिलंस ते वेगळं, इकडची हकीगत ऐक. टायपिंग क्लास बंद केल्यावर दोन कॉम्प्युटर उरले, त्यातला बरा तो मी हॉलमध्ये आईसमोर मांडला आहे. तिचे कान गेलेच आहेत, आणि बारीक पडद्यावरचं तिला दिसत नाही. माझा फोन तर बटणांचा. तर बाई पावणेअकरालाच धुवट लुगडं नेसून खुर्चीत बसल्या. तू आलास आणि दोन मिनिटांत तुझे चौकोन झाले. नाक एकीकडे, मिशी एकीकडे, मग सगळंच थिजलं. आई त्या चौकोनांशी पाऊण तास बोलली. शेषाद्री वाळला आहे, डोक्याला तेल लावत नाही, असं तुझ्याबद्दल मला सांगत होती. तिला त्यात काय दिसतं देव जाणे!

कनकलतेनं पेटी उघडून पाहिली. आपल्याच क्लासची जुनी विद्यार्थिनी, आता राजवाड्यामागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवते. दोष लाइनचा नाही, प्रोसेसरचा, असं ती म्हणते. पेंटियम ड्युअल कोअर ई-५३०० असं त्यावर लिहिलं आहे.

सोमवार ते शनिवार आई मला विचारते की शेषाद्री कधी येणार. दिवसातून दहा वेळा. मी थकले आहे, अण्णा. मीही त्रेसष्टची झाले, हे या घरात कुणाच्या लक्षात नाही. तू आठ वर्षांत आला नाहीस. जमत नाही हे ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. आई एकोणनव्वदची आहे. तिनं डोळे मिटायच्या आत एकदा तिला तुझा चेहरा धड दिसावा, एवढं तरी कर. जन्मभर कोल्हापुरात लोकांना कॉम्प्युटर जोडून दिलेस आणि आईसमोर हे डबडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वहिनीला नमस्कार. लोभ आटला नसेल तर उत्तर लवकर धाड.

तुझी,
कृष्णवेणी


कोल्हापूर, मंगळवार, २७ जानेवारी २०२६

चि. वेणीस,
अण्णाचे अ. आ.

पत्र पोचलं. हे उत्तर डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावरून लिहितो आहे. तुझी वहिनी वरलक्ष्मी आत आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. तंजावूरला यायला दीड दिवस आणि परतायला दीड दिवस. मधे मला मिळतो एक दिवस, फार तर रविवार-सोमवार धरून दोन. तू हिशेब करून बघ. मी कारण सांगत नाही, फक्त वार सांगतो आहे.

दिव्याखालचा अंधार कबूल. आता कामाचं बोलू. माझ्या खणात एक कोअर टू ड्युओ ई-८४०० पडून आहे, माझ्याच जुन्या मशीनमधला. कनकलतेला सांग, बोर्ड तोच चालेल, सॉकेट एकच आहे. दोघांतला फरक तुला स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो. दोन्हीकडे शेगड्या दोनच. ड्युअल कोअर म्हणतात ते यालाच. तुझ्याकडच्या शेगडीची आच २.६, याची ३. यात मोठंसं काही नाही. खरा फरक ओट्याचा, म्हणजे सामान हाताशी ठेवायच्या जागेचा; तिला कॅश म्हणतात. तुझा ओटा दोन मेगाबाइटचा, याचा सहाचा. कोठीतून सामान आणायची वाटही याची रुंद. सगळं धरून तिसऱ्या हिश्श्यानं सरस म्हण.

आणि किफायत विचारशील, तर तुझाच बरा. नवे होते तेव्हा ई-८४०० ला दुपटीहून जास्त मोजावे लागायचे, आणि पत्रं लिहायला, गाणी ऐकायला दोन्ही सारखेच. शहाण्या गिऱ्हाईकाला मी नेहमी स्वस्तातलाच घ्यायला सांगितला. मागं राहिलेल्याला भाव नाही, आता दोघेही भंगारात एकाच दरानं जातात. पण चालतं चित्र म्हटलं की ओटा मोठा लागतोच.

पाठवतो आहे. वेणी, मलाही तिला एकदा दिसायचं आहे. लिहायला अवघड जातं, पण बाकावर दुसरं काम नाही.

आईच्या पायांवर माझं डोकं. तुझा राग आहे तोवर लोभही आहे असं समजून चालतो.

अण्णा


तंजावूर, सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

प्रोसेसर पोचला. चांदीच्या कागदात गुंडाळून लवंगांच्या डबीत घालायची अक्कल तुझीच असणार. आईनं डबी हुंगली आणि शेषाद्रीनं लवंगा धाडल्या म्हणून खूश झाली. मी काही समजावत बसले नाही.

कनकलतेनं आज सकाळी तो बसवला. जुना पुसून त्याच डबीत ठेवला. तिनं आधी जुन्यावर आणि मग नव्यावर एकच चित्रफीत चालवून पाहिली. जुना धापा टाकत होता, शंभरातले शंभर टक्के कामाला लागूनही अडखळत होता. तुझा साठ-पासष्टावर निवांत. मग मी माझी परीक्षा घेतली. एक पानभर मजकूर भरभर टाइप केला. काडीचा फरक नाही. अक्षर आधीही बोटाबरोबर उमटत होतं, आताही. कनकलता हसून म्हणाली की टीचरच्या कामाला जुनाच पुष्कळ, नवा आहे तो फक्त आईसाठी.

येत्या रविवारी, पंधरा तारखेला, अकरा वाजता. दाढी करून बस. आईनं मोगरा आणायला सांगितला आहे.

बाकावर चार तास बसतोस म्हणून लिहिलंस. आठवड्यातून तीन दिवस नुसतं बसायला मिळतं, ही एका परीनं विश्रांतीच म्हणायची. मला तीही नाही. असो.

वहिनीला सांभाळ. लोभ आहे तेवढा जपून वापरते आहे.

वेणी


कोल्हापूर, सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

चि. वेणीस,
अ. आ.

काल तू शेजारीच होतीस, तरी मला हे लिहून काढलं पाहिजे.

चित्र एकदाही थिजलं नाही. आईच्या कुड्यांचे मोती मोजता येत होते. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि मला नमस्कार केला. वेणी, आईनं मला नमस्कार केला. नंतर तुझ्याकडे वळून विचारलं की हे राव कोण, यांना प्यायला कापी दिलीस का. शेषाद्री एवढ्यात यायचा आहे, तोवर त्यांना बसायला सांग म्हणाली.

मी ओरडून सांगितलं की आई, मीच शेषाद्री. तिला ऐकू गेलं नाही. तू तिच्या कानाशी सांगितलंस तेव्हा ती हसली. पाहुण्यापुढे हसतात तसं. अर्धा तास ती माझ्याशी अदबीनं वागली, आणि मीही अदबीनं बसून राहिलो.

चुकलं माझंच. त्या चौकोनांमध्ये तिला तिचा काळ्या मिशीचा मुलगा सापडत होता. मी हौसेनं ओटा मोठा करून दिला आणि त्यावर बसलेला निघाला अडुसष्ट वर्षांचा टकल्या. थोरांनी नमस्कार केला की धाकट्याचं आयुष्य घटतं म्हणतात. त्याचं मला काही नाही, झालं तेवढं पुरे आहे. पण पुन्हा तिला माझ्यापुढे हात जोडायला लावू नकोस.

जुना परत बसव. ई-८४०० कनकलतेला देऊन टाक, तिच्या कुठल्यातरी गिऱ्हाईकाला उपयोगी पडेल.

आज जास्त लिहवत नाही. तुझा लोभ कधी धूसर होऊ देऊ नकोस.

अण्णा


तंजावूर, सोमवार, २ मार्च २०२६

ती. अण्णास,
वेणीचा शि. सा. न. वि. वि., आणि या वेळी मनापासून.

तुझ्या सांगण्याप्रमाणे जुना परत बसवला; तो बसेपर्यंत मधला रविवार मुद्दामच जाऊ दिला. काल काय झालं ते तू पाहिलंसच, म्हणजे जेवढं त्या चौकोनांतून दिसलं तेवढं. तू फुटलास, थिजलास, आणि आईनं लगेच हाक मारली. तासभर बोलली, दोनदा रागावली. फोन संपल्यावर मला म्हणाली की मागच्या खेपेला ते राव येऊन बसले होते म्हणून शेषाद्री संकोचून आला नसेल. दुपारी दोन घास जास्त जेवली.

ई-८४०० मात्र मी कनकलतेला दिला नाही. ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस, आधी कारण ऐक.

पंधरा तारखेला आईनं तुला ओळखलं नाही, पण मी तुला पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या मागे वहिनीची खाट दिसत होती, उशाशी औषधांच्या पट्ट्यांचा ढीग. तुझ्या सदऱ्याची कॉलर विरली होती. आईनं हात जोडले तेव्हा तू पडद्याकडे पाहणं सोडून खाली पाहिलंस, आणि मग अर्धा तास पाहुण्यासारखा ताठ बसलास. मी इतकी वर्षं मनात म्हणत होते की अण्णा तिकडे सुखात आहे आणि सगळं ओझं माझ्या डोक्यावर. त्या चौकोनांत मला तू तसाच दिसायचास. बाकावरच्या विश्रांतीचं मी लिहिलं, ते लिहिताना माझी जीभ झडायला हवी होती. ते वाक्य मी परत घेते.

म्हणून कनकलतेला बोलावून तुझा प्रोसेसर मी दुसऱ्या कॉम्प्युटरात बसवून घेतला, तो जुन्या क्लासच्या खोलीत ठेवला आहे. किफायत म्हणशील तर आईला स्वस्तातला पुरतो. मला पुरत नाही.

बुधवारी वहिनीला डायलिसिस नसतं. दुपारी चारला आई झोपलेली असते. तेव्हा तिथल्या पडद्यावर ये. बोलायचं काही नाही, बोललो की आपण भांडू. तू तुझी भाजी निवडत बस, मी माझी निवडते. वहिनीला बरं वाटत असेल तर तिलाही दिसेल अशी बसव. दाढी केली नाहीस तरी चालेल. मला माझा भाऊ आहे तसा, म्हातारा बघायचा आहे.

लोभाचं वेगळं काय लिहू. चारला ये.

तुझी,
वेणी