एलिफंट बीच की भरतपूर

११ जानेवारी

अंदमान! तेही जोडीनं!

राजेश्वर दुकानातून वर आला तो हसतच. (इथं नाव लिहिते. तोंडावर ‘अहो’.) खताच्या कंपनीनं टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना टूर दिलीय, अन् यंदा बायकोसकट! अप्पा जेवता जेवता म्हणाले, “जाऊन या. जेल बघा, देवळं बघा.” सासऱ्यांच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं.  सासूबाईंनीही ‘नको’ म्हटलं नाही.

एक दिवस मोकळा आहे. त्या दिवशी स्नॉर्कलिंग करायचं तर जागा आधी कळवायची. राजेश्वरनं फोन माझ्याकडं सरकवला. “तूच बघ. मला त्यातलं काय कळतंय!”

१२ जानेवारी

बघितलं. डोळ्यांवर काच लावायची, तोंडात नळी धरायची अन् पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. खाली पोवळ्याची झाडं. त्यात निळे-पिवळे मासे.

भाकरी करपली.

१४ जानेवारी

संक्रांत. ओवसायला गल्लीतल्या महादेवापर्यंत जाऊन आले. तेवढंच बाहेर.

आमचा जिना दुकानातून उतरतो. घराबाहेर पडायचं तर अप्पांच्या काउंटरसमोरून. “कुठं?” — रोज तेच. मी काय चोर आहे? तरी पायऱ्या उतरताना उत्तर जुळवत उतरते.

अन् स्नॉर्कलिंगचं यांना सांगायचं कसं? या घरात पाणी प्यायच्या तांब्यापुरतंच. थोरले दीर मल्लिनाथ शेततळ्यात बुडून गेले. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. त्यांचा फोटो काउंटरच्या मागं आहे, रोज त्याला विभूती लागते. अप्पांनी तळं बुजवलं. सासूबाई त्या शेताकडं परत कधी गेल्या नाहीत. टाकीच्या झाकणालासुद्धा कुलूप!

मला पोहता येतं का, हे इथं कुणी विचारलं नाही. धारूरला बाबांनी आमच्या विहिरीत कंबरेला डबा बांधून शिकवलं. श्रावणात मी अन् बहीण वैष्णवी काठावरून उड्या टाकायचो, माय वरून ओरडायची. लग्न झालं अन् बादलीभर पाणी उरलं.

१७ जानेवारी

तीन जागा आहेत. नॉर्थ बे पोर्ट ब्लेअरहून जवळ, पण गर्दी फार. भरतपूर उथळ, वाळू मऊ, भित्र्या माणसाला बरं. पण बोटींनी पाणी ढवळतं म्हणे, मग खालचं दिसायचं कसं? एलिफंट बीचला बोटीनं जावं लागतं. किनाऱ्यापासून जरा आत गेलं की पोवळी लागतात अन् पुढं एकदम खोल. हीच!

राजेश्वरला दाखवलं. तो हळू आवाजात म्हणाला, “घे. अप्पांना सांगू काचेच्या तळाच्या बोटीतून बघणार म्हणून.”

मी उड्या मारल्या नाहीत. खाली आवाज जातो.

१८ जानेवारी

तेच व्हिडिओ. आवाज बंद करून.

२० जानेवारी

सगळं संपलं.

कंपनीचे भगवानराव दुकानात आले. मी चहा घेऊन उतरलेच होते. माणूस आपला चांगल्या मनानं मोठ्यानं म्हणाला, “वैनींनी जागा एक नंबर निवडली बघा! एलिफंट बीच! समुद्रात उतरायला काळीज लागतं!”

अप्पांनी गिऱ्हाइकाची पावती अर्धी सोडली. भगवानरावांना दारापर्यंत सोडून आले. मग, “कावून? एक गेला तेवढा बास न्हाई का?”

मी राजेश्वरकडं बघितलं. तो पोत्यांकडं बघत होता. म्हणाला, “तीच म्हणली. मी कुठं म्हणलो.”

तीच म्हणली!

अप्पांचा निकाल झाला. शिवानी, म्हणजे मी, जाणार नाही. राजेश्वर अन् त्याचा मित्र राधाकिशन, युसूफ वडगाव या गावचा, दोघं जातील. सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

२१ जानेवारी

बोलत नाही मी त्याच्याशी. त्यानं स्वतःच सांगितलं, भिंतीकडं तोंड करून. “मी काठावर होतो शिवानी. तळ्याच्या काठाला अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून दादाचा हात घसरत होता. पुन्हा पुन्हा. मला पोहता येत नव्हतं.”

मला रडू आलं. रागही गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं हे आज कळलं.

२४ जानेवारी

आज कमाल झाली. राजेश्वर म्हणतो, “राधाकिशन विचारतोय, आमच्यासाठी कुठली जागा बरी?”

मी सांगितलं, “भरतपूर. भित्र्यांसाठी.”

तो खाली गेला. बोलायला नको होतं. पण मागं घ्यावंसंही वाटत नाही.

खिडकीतून हायवे दिसतो. ट्रक, ट्रॅव्हल्स, ट्रक. सगळे कुठंतरी चाललेत अन् चौसाळ्यात कुणी थांबलंच तर चहापुरतं. मी मात्र इथंच. जीव गुदमरतो. कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, मग तक्रार तरी कशाची करायची? मायला फोन केला तर म्हणाली, “घर चांगलं हाय तुझं.” हाय ना. चांगलंच हाय.

२७ जानेवारी

मी शेंगा फोडत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. “कुठली जागा घेतलतीस तू?”

मला आधी कळलंच नाही. मग घाबरत व्हिडिओ लावला. त्यांनी चष्मा पुसला. एक बाई पाण्यावर पालथी, खाली मासे. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. म्हणाल्या, “परत लाव.”

परत लावला.

“ही बुडत कावून न्हाई?”

“जाकीट असतं अंगात. अन् खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतं, आई.”

“हं.” उठल्या. शेंगांची टरफलं भरून घेऊन गेल्या. एवढंच! काय होतं ते?

२९ जानेवारी

जेवताना सासूबाई अप्पांना वाढता वाढता म्हणाल्या, “राजू दुकानात ऱ्हाईल. अंदमानाला मी जाते, हिच्यासंगं.”

अप्पांचा घास हातातच. “तू? तुला तर पाण्याचं…”

“पाण्यात कोण जातंय? जेल बघून येऊ. मी हाय ना हिच्यावर ध्यान ठेवायला.”

अप्पांनी सासूबाईंकडं बघितलं. मग मान हलवून घास घेतला. मी राजेश्वरकडं बघितलं, तर त्याचा चेहरा सुटल्यासारखा! त्याला जायचंच नव्हतं. पहिल्यापासून नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा. पण ‘ध्यान ठेवायला’!

६ फेब्रुवारी, पोर्ट ब्लेअर

विमानात सासूबाईंनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं ते उतरेपर्यंत. 

इथं जिकडं बघावं तिकडं समुद्र. अन् सासूबाई सगळीकडं समुद्राकडं पाठ करून बसतात. हॉटेलातली खिडकी बंद. पडदाही ओढून. मी किनाऱ्यावर चप्पल काढली तर, “पाय ओला करू नगंस.” वाळूत उभी राहिले, हातात चप्पल घेऊन, बाकीच्या दुकानदारांच्या बायका लाटांत किंचाळत होत्या तेव्हा.

अप्पांचे फोन. “पाण्यापासून लांब हायत ना?” सासूबाई म्हणतात, “लांबच हावोत.”

चौसाळ्यात निदान समुद्र दिसत तरी नव्हता.

७ फेब्रुवारी, हॅवलॉक बेट

उद्या सगळे एलिफंट बीचला. माझीच निवड, सगळ्या ग्रुपला आवडली! सासूबाई म्हणाल्या, “बोटीत बसू. सावलीत बसू. परत येऊ.”

मी हो म्हणाले. भांडायला अंगात काही उरलं नाही. त्यांचं लेकरू गेलंय, मी काय बोलणार? अन् न बोलता किती वर्षं काढणार?

एका खोलीत दोघी. त्या भिंतीकडं, मी दुसऱ्या भिंतीकडं.

८ फेब्रुवारी

किनाऱ्यावर गाईड नावं विचारत होता. मी खाली बघत होते. सासूबाई उठल्या. “माझं लिव्हा. महादेवी.”

माझा पंजाबी ड्रेस त्यांच्या अंगात, वर जाकीट. त्यांनी रबरी रिंग धरली, गाईडनं ती ओढत नेली. मी बाजूनं पोहत, त्यांचा हात माझ्या हातात — असा दाबलेला की बोटं बधिर. ओठ हलत होते. काच लावली. तोंड पाण्यात घातलं.

लगेच वर आल्या. खोकल्या. पुन्हा घातलं. या वेळी बराच वेळ. मी घाबरले, हात ओढला. त्यांनी नळी काढली.

“उजेड हाय गं खाली,” म्हणाल्या. “मला वाटायचं, माझं लेकरू अंधारात गेलं.”

शेततळ्याचं पाणी वेगळं असतं. मी बोलले नाही.

त्या समुद्रातच रडल्या. मग हात सोडला. माझा, स्वतःहून. “मी हाय हितं, ह्या गाईडपाशी. तू जा. तिकडं खोल हाय म्हनं ना? जा, तुला येतंय.”

मी गेले.