ऊन, वारा, शेण आणि लीलाचा फ्रीझर

२ मार्च
छतावर सोलर पॅनेल लागलं. अनुदानही बँकेत जमा. लोक म्हणतात सरकारी कामं होत नाहीत. होतात. माणूस माझ्यासारखा हवा.
लीलाचं टुमणं सुरू : आता बॅटरी घ्या. यंदा मुंबईच्या मिठाईवाल्याने तिला हापूसच्या पल्पची पहिली मोठी ऑर्डर दिलीय. बांगड्या मोडून डीप फ्रीझर घेतला बाईने. लाईट गेली तर काय, म्हणते. मी समजावलं, बॅटरी हा घाबरटांचा उपाय. दिवसा ऊन, रात्री वारा, पावसात गोबरगॅस. सगळ्याला सरकारी योजना असतात. मिक्स महत्त्वाचं.
ती "बरं" म्हणाली. पटलं असावं.

११ मार्च
मांडवीला वाऱ्याचा अभ्यास. टोपी उडून समुद्रात. वारा भरपूर!
घरगुती पवनचक्कीला सध्या अनुदान दिसत नाही. येईल. खांब मागवून ठेवला, लीलाच्या हट्टाने बॅटरीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. तात्पुरती उचल.

१९ मार्च, गुढीपाडवा
एवढा मुहूर्त फुकट घालवायचा? नारळ फोडला, गोबरगॅसचा खड्डा खणायला घेतला. हातभर खाली कातळ. ब्रेकर आणला, बॅटरीचे उरलेले पैसे त्यात गेले. शेण शेजारच्या विठूच्या म्हशींचं. त्याला अजून विचारलेलं नाही. नाही कशाला म्हणेल?

८ एप्रिल
पंचायत समितीचा माणूस खड्डा बघून गेला. मंजुरीआधी काम सुरू, म्हणून अनुदान बाद. म्हटलं, पाडवा थांबतो का तुमच्या मंजुरीसाठी? म्हणाला, काका, फॉर्मवर पाडव्याचा रकाना नाही.
त्यात विठूने म्हशी विकून टेम्पो घेतला. लोकांना दूरदृष्टी म्हणून नाहीच.
लीलाने परत बॅटरीचं काढलं. पुढच्या वर्षी बघू म्हटलं. रात्री ती जेवली नाही. उगाच अपराधी वाटलं.

१४ मे
काल वादळ. तारांवर माड पडला, सगळीकडची लाईट गेली. मी निर्धास्त झोपलो.
सकाळी लख्ख ऊन, वर पॅनेल, आणि फ्रीझर बंद! पॅनेलवाल्याला फोन केला. म्हणे, बाहेरची लाईट गेली की ही सिस्टीमही बंद पडते, तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी असती तर चाललं असतं. वहिनींना तेव्हाच सांगितलं होतं, म्हणाला.

१६ मे
अजून लाईट नाही. पल्प फसफसला. लीलाने एकेक डबा नेऊन माझ्या खड्ड्यात ओतला. आंब्यापासूनही गॅस होतो, असं सांगणार होतो. तिचं तोंड बघून नाही बोललो.

१९ मे
लाईट आली. लीला निघाली. विठूच्या टेम्पोत फ्रीझर, पुढे ती. चिपळूणला बहिणीकडे, मृणालीकडे. तिथे इन्व्हर्टर आहे. मी बजावलं, चिपळुणात पूर येतो. म्हणाली, पूर कधीतरी येतो, तुमची योजना रोज येते.
दोन दिवसांत परतेल.

२७ मे
दिवसभर कडक ऊन. घरात चालू एक पंखा. बाकी सगळी वीज बाहेर जातेय. मीटर पाहिला, आजवरचा उच्चांक!
लीला, बघायला ये, म्हणून हाक मारली.
मग पंखाही बंद केला.