वाकणारा उजेड

सर, लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरच्या दुष्काळातली एक दुपार आज सकाळपासून आठवते आहे. तुम्ही नांदेडहून बदलून आमच्या शाळेत आला होतात. टँकर चौथ्या दिवशी यायचा, आणि तुम्ही घरची भरलेली घागर सायकलला बांधून विज्ञानाच्या तासाला आणलीत. खिडक्यांना पोती लावली. प्लॅस्टिकच्या बरणीला तापल्या खिळ्यानं पाडलेलं भोक, आणि मागून टॉर्च. धार वाकून बादलीत पडते आहे आणि तिच्याबरोबर उजेडही वाकतो आहे! "उद्या बोलणं असंच केसाएवढ्या काचेतून जाईल," तुम्ही म्हणालात. "नांदेडच्या ट्रंक कॉलसाठी दिवसभर पोस्टात बसायला नको." मी बघायला पुढं झुकले आणि पायानं बादली लवंडली.

"पोरी, डोळे कुठं होते तुझे?" तुम्ही ओरडलात. "उजेडात, सर," मी रडवेली होऊन म्हणाले. तुम्ही हसू दाबलंत, पण मला सोडलं नाहीत. "चल घरी. तुझ्या चाचीला तूच सांग, पाणी कुठं गेलं ते." तुमच्या बायकोला आम्ही सारी मुलं चाची म्हणायचो; त्यांना मी सगळं सांगितलं. चाचींनी माझ्याकडे नाही, तुमच्याकडे रोखून पाहिलं. "साऱ्या वर्गाला दाखवलं, अन् मला न्हाई?" पुढचा टँकर आला त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि त्याच बरणीच्या धारेखाली पातेलं ठेवलं. तळहातावर उजेडाचा ठिपका पडला तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग त्याच पाण्यात तूरडाळ शिजली, आणि मी तुमच्याकडेच जेवले.

सर, तुमचं म्हणणं खरं झालं. मी आता त्याच काचेच्या तंतूंवर संशोधन करते. एकाच तंतूतून आम्ही कितीतरी रंगांचा प्रकाश एकदम सोडतो, प्रत्येक रंगावर वेगळी माहिती. जमिनीत गाडलेली केबल तीच राहते. टोकांची यंत्रं बदलली की ती पूर्वीच्या अनेक पट माहिती वाहायला लागते. आता हिची हद्द झाली असं वाटतं, तोच कुणीतरी नवी वाट काढतं. गेल्या महिन्यात हदगावकडच्या एका शाळेत केबल पोचली. मी प्रयोगशाळेतून तिथल्या मुलींशी पडद्यावर बोलले. एकीनं विचारलं, "मॅडम, एवढं बोलणं जाऊन राहिलं, तर त्या काचेतून बाहेर कसं सांडत न्हाई?" लई हसले, सर. उत्तर द्यायला तुम्ही हवे होतात.

हे पत्र माझ्या वहीतच राहील. फक्त एक कबूल करते. उजेड धारेबाहेर का पडत नाही, त्याचं गणित तुम्ही फळ्यावर मांडलंत आणि "कळलं का?" विचारलंत, तेव्हा सगळ्यांत आधी माझा हात वर होता. मला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते कॉलेजात, तोवर तुम्ही गेला होतात.