भिशी, पण नंबर न लागणारी

अंबरनाथ, शनिवार, १८ जानेवारी १९९२

काल लिहिलं ते चूक. इंदूकाकू दम्याच्या नव्या औषधाच्या चाचणीला घाबरल्या नव्हत्या. माझ्या शब्दामुळे नाही म्हणाल्या. औषध नसलेल्या गोळीला मी ‘खोटी गोळी’ म्हटलं होतं. लोकांना समजावून सांगायलाच डॉक्टरांनी मला ठेवलंय, आणि शब्द असा!

आज पुन्हा बुवापाड्यात गेले. काकू दारातच म्हणाल्या, “खोटी गोळी कुनाला देते गं? मी काय खोटं खोकते?”

मी पहिल्यापासून सांगितलं. एका डबीत औषध, दुसरीत नाही. नेहमीचा पंप सगळ्यांनाच मिळणार. कोणाला कुठली डबी ते चिठ्ठी ठरवते, डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

“मग सरळ भिशी म्हण की.”

किती सोपं. हो म्हणून मोकळी होणार होते. पण भिशीत शेवटी प्रत्येकीचा नंबर लागतो, इथे कदाचित नाही. सांगितलं आणि परत नाही म्हणाल्या तर? बाबांनी घरीच शिकवलं मला, प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत उलगडून; तेव्हापासून अर्धं सांगून गप्प बसणं जमत नाही. सांगून टाकलं.

काकू हसल्या. “न लागू दे नंबर. औषधात दम हाय का नाय ते तर कळंल. लिही माझं नाव.”

जिंकले मी! काही न लपवता जिंकले. शेजारच्या दोघी जावांनीही त्या ‘खोटी’पायीच नकार दिलाय. त्यांच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी, २४ तारखेला, सकाळीच त्यांच्याकडे जाणार.