स्वयंपाकघरातला स्पीकर

मी, गल्लीत 'सोफेवाल्या काकू' म्हणून ओळखली जाणारी, वय एकोणसाठ, कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला जोडला आहे. माझ्या जावेला तरीही शंका असेल, तर ती तिने स्वतःपाशीच ठेवावी.

१. तळमजल्यावरचे राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो वरच्याच मजल्यावर राहतो. चार वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांचे दुकान मी त्याला न विचारता विकले, तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. जिन्यात गाठ पडली की तो मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. चूक माझी होती. तोंडाने म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहिते.

२. शिलाई मशीन, मोठी कात्री आणि सोफे शिवायच्या वाकड्या सुया सुनेला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण शिकेल. बँकेतली ठेव नातीला. जावेला काहीही नाही. माझी इस्त्री तिने नेली आहे, तीच पुष्कळ झाली.

३. ओट्यावरचा बिनतारी स्पीकरही मुलाला. भांडणाआधी त्यानेच तो बसवला. वर-खाली इंटरनेट एकच. त्याच्या संगणकाचा आवाज घरभरच्या स्पीकरांवर जातो, आणि त्या यादीतून माझा स्पीकर काढायचे तो विसरला. मी बंद करायला हवा होता, नाही केला. त्याची गाणी ऐकली, त्याच्या साहेबाची बोलणी ऐकली. व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलणाऱ्या सगळ्यांचा आवाज माझ्याकडे येतो, फक्त त्याचा येत नाही. तो पलीकडच्या माणसाला जातो. चार वर्षे मी त्याची उत्तरे अंदाजाने ओळखते आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी मी वाटाणे सोलत होते. डॉक्टरबाईंचा आवाज आला. "दोन्ही किडन्या गेल्यात हो. आता थांबून चालणार नाही. मिसेसची जुळत नाही. भाऊ, बहीण कोणी?" शांतता. "आई?" बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "अरेरे. कधी गेल्या त्या?"

पाच दिवस हेच चालले आहे. जिना चढते, दारापर्यंत जाते आणि परत येते. तुला कसे कळले, असे त्याने विचारले तर काय सांगू? चोरून ऐकते हे कळले तर तो हट्टाला पेटेल, मरेल पण माझे घेणार नाही. माझाच मुलगा तो. मला भीती वाटते आहे, फार भीती वाटते आहे. तरी खोटे सांगून द्यायचे नाही, म्हणून ऐकले तेही लिहिले.

४. माझी एक किडनी, डॉक्टर म्हणतील ती, माझ्या मुलाला. रक्तगट एकच आहे. तपासणीचे कागद जोडले आहेत. वकील म्हणाले, "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात."

मी म्हटले, "त्याच्या लेखी मी गेलेच आहे. आजच उघडा."

तरी साक्षीदारांनी सह्या करून हा कागद लगेच वर न्यावा. मी जिन्यात उभी राहते.

लिहून देणार: त्याची आई (सही)
साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले (सही) २. कोपऱ्यावरच्या नर्सबाई (सही)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: आज, मंगळवार, सकाळचे दहा